हसता हसता हिशेब विचारणारा राजा

चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना दुपारी घरात कोंडून घेणे म्हणजे काय ते सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे सरकला की रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. खिडकीत कूलर घरघरत असतो, ओल्या वाळ्याचा वास सुटलेला असतो आणि साऱ्या कुटुंबाला एकाच खोलीत बसण्यावाचून गत्यंतर नसते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी आमच्याकडे दोन्ही मुले, सुना आणि तीन नातवंडे जमली होती. काहीतरी हसायचे लावा, असा नातवंडांचा हट्ट. एकाला कार्टून हवे, दुसऱ्याला मारधाड हवी, सुनांचे तिसरेच. अर्धा तास वादात गेला. शेवटी वडीलधारेपणाचा हक्क बजावून मी १९५२ सालचा एक काळा-पांढरा मराठी चित्रपट लावला.

नातवंडांनी तोंडे वाकडी केली. पडद्यावर रेघा, आवाजात खरखर. मोठ्या नातवाने तर हातातला मोबाईल खाली ठेवायचेच नाकारले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने तो आपणहून ठेवला. तासाभराने सगळी खोली हसत होती आणि कूलरमध्ये पाणी घालायला उठायला कुणी तयार नव्हते.

चित्रपट होता ‘लाखाची गोष्ट’. दिग्दर्शक राजा परांजपे. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटले की या माणसाविषयी एकदा लिहायला हवे. वाचकांपैकी जुन्या मंडळींना हे नाव ठाऊक आहेच. पण त्यांना राजाभाऊंचे चित्रपट विचारले तर बहुतेकजण ‘जगाच्या पाठीवर’ सांगतील, नाहीतर ‘पाठलाग’ सांगतील. हिंदी पाहणाऱ्यांना बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’तले नूतनचे वडील, ते सोशिक पोस्टमास्तर आठवतील. ते राजाभाऊच. त्यांचे विनोदी चित्रपट मात्र आपण माळ्यावर टाकून दिले आहेत. ते खाली काढावेत, पुसावेत आणि घरात सगळ्यांनी मिळून पाहावेत, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० चा, मिरजेचा. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. तिथल्या कारागिरांच्या हातच्या तंबोऱ्यांवाचून गवयांचे पान हलत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या गावात मुक्काम केला, ते हे गाव. तिथून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, आणि कोल्हापूर हे त्या काळी मराठी चित्रपटाचे माहेरघर. बाबूराव पेंटरांनी तिथेच १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला होता. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती मूकपटातली कहाणी. म्हणजे आपल्याकडे चित्रपटाने बोलायला शिकण्याआधीच पैशाने माणसाचे काय होते, हे सांगायला सुरुवात केली होती. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण राजाभाऊंच्या हातात तोच विषय पुढे आला. त्यांनी मात्र तो हसत सांगितला.

नाटक, नट म्हणून छोटी-मोठी कामे आणि भालजी पेंढारकरांसारख्या कडक शिस्तीच्या माणसाचा सहवास, अशी त्यांची उमेदवारी झाली. ती बरीच लांबली. स्वतःच्या नावाने दिग्दर्शन करू लागले तेव्हा १९४८ साल उजाडले होते आणि राजाभाऊंनी अडतिशी गाठली होती. ‘बलिदान’ आणि ‘जिवाचा सखा’ हे त्या वर्षीचे त्यांचे चित्रपट. त्याच वर्षी गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. कोल्हापूरचे दिवस मावळत होते आणि मराठी चित्रपट पुण्यात नवे घर शोधत होता. अशा पडत्या काळात एखाद्याने रडका चित्रपट काढला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. राजाभाऊंनी लोकांना हसवायचे ठरवले.

त्यांना साथीदारही तसेच भेटले. लेखणी ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडक्यांचे. हे दोघे म्हटले की आपल्याला १९५५ सालचे ‘गीतरामायण’ आठवते आणि आपोआप हात जोडले जातात. पण ज्या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ घरोघरी पोहोचत होते, त्याच वर्षी राजाभाऊंचा ‘गंगेत घोडं न्हालं’ आला. देवघर आणि ओटा जसे एकाच घरात असतात, तशी त्या पिढीची भक्ती आणि थट्टा एकाच घरात नांदत होती. त्याआधी १९५० मध्ये राजाभाऊंनी ‘पुढचं पाऊल’ केला, त्यात पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर होते. आणि मग १९५२ साली आली ‘लाखाची गोष्ट’.

गोष्ट अशी. दोन फटिंग कलावंत मित्र. खिशात दमडी नाही आणि मन मात्र गुंतलेले. मुलीचा बाप पैसेवाला. तो पैज घालतो, की एक लाख रुपये देतो, ते एका महिन्यात खर्च करून दाखवा. वरकरणी केवढी सोपी अट! कुणालाही वाटेल, आम्ही आठवड्यातच उडवून देऊ. पण होते भलतेच. हे दोघे जिथे पैसा घालवायला जातात, तिथून तो वाढून परत येतो. बुडवायला जावे तर तरतो आणि उधळायला जावे तर फळतो. ही कल्पना अमेरिकेतल्या ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या १९०२ सालच्या कादंबरीची आठवण करून देणारी आहे हे खरे, आणि तिच्यावर जगभर अनेक चित्रपट निघाले. पण माडगूळकर-परांजप्यांनी ती अशी काही मराठी मातीत मुरवली की तिची आयात कुणाला खटकू नये.

चित्रपटातले एक मित्र राजा गोसावी. तेव्हा वय २७. दुसरे खुद्द राजाभाऊ, वय ४२. पंधरा वर्षांचे अंतर असलेले हे दोन राजे बरोबरीचे दोस्त म्हणून पडद्यावर वावरतात आणि आपल्याला ते जराही जाणवत नाही. त्यांच्या जोडीला रेखा आणि चित्रा या दोन सख्ख्या बहिणी पहिल्यांदाच पडद्यावर आल्या. पुढे रेखा कामत आणि चित्रा नवाथे म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखू लागला. राजा गोसावींविषयी एक गोष्ट सांगतात. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात हा चित्रपट लागला तेव्हा तिथल्या खिडकीवर तिकिटे विकायला तेच बसत. पडद्यावर लाख रुपये संपत नाहीत म्हणून हैराण झालेला नायक बाहेर खिडकीत सुटे पैसे मोजतो आहे. माडगूळकरांनासुद्धा याहून चांगला प्रसंग सुचला नसता.

१९५२ मध्ये एक लाख म्हणजे किती, हे नातवंडांना कळेना. त्यांच्या लेखी लाख ही बऱ्यापैकी मोटारसायकलची किंमत. माझ्यातला बँकवाला जागा झाला. त्या वर्षी सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होते. म्हणजे लाखात हजार तोळ्यांहून अधिक सोने आले असते. आजच्या भावाने काय होते ते त्यांनीच मोबाईलवर मांडून पाहिले आणि तिघांचेही डोळे विस्फारले. त्यानंतर त्यांना चित्रपट अधिक आवडू लागला.

आणखी एक गंमत त्यांना सांगितली. ‘लाखाची गोष्ट’ पुण्यात गाजत होती तेव्हा आपला चांदा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्र राज्यच नव्हते. पुणे मुंबई राज्यात आणि आपण मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर. १९५६ साली आपण त्या बाजूला गेलो आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. गडचिरोली तर चांद्याच्याच पोटात होते. ते २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाले. तेव्हा पुण्याच्या खोल्यांत, जिन्यांत आणि चहाच्या कपांभोवती घडणारा हा विनोद आमच्या जंगलातल्या माणसाला आपला वाटेल का, हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला बँकेच्या नोकरीत मिळाले. ते ज्या रात्री मिळाले, ती रात्र मी विसरू शकलेलो नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवा अधिकारी आणि नेमणूक आलापल्लीच्याही पुढे, दक्षिण गडचिरोलीतल्या एका लहानशा शाखेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आठ-आठ दिवस टपाल येत नसे. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतली कर्जे वाटण्याचे ते दिवस होते. कुणाला शेळ्या, कुणाला बैलजोडी. जनावराचा विमा उतरवायचा आणि त्याच्या कानात क्रमांकाचा बिल्ला ठोकायचा. जनावर मेले तर बिल्ला आणून दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, असा नियम.

गणेशोत्सवातल्या एका सकाळी आतल्या गावचा एक माडिया शेतकरी शाखेत आला. त्याला मराठी जेमतेम येत होते. त्याने टेबलावर फडक्याचे गाठोडे ठेवले आणि सोडले. आत बैलाचा कान होता. जंगलात वाघाने बैल मारला होता. दोन दिवस शोधून त्याला धड उरले तेवढे सापडले, त्यातला कान त्याने कापून आणला होता. कानाला भोक होते. बिल्ला नव्हता. तो कुठेतरी चिखलात किंवा वाघाच्या पोटात गेला असावा. पुरावा म्हणून कान आणला आणि पुराव्यातला पुरावाच नाही, हे पाहून आमच्या शाखेत हशा पिकला. लेखनिक हसला, रोखपाल हसला, शिपाई हसला. मीही हसलो. तो माणूस आमच्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने तोही हसला, कारण सगळे साहेब हसत होते. मग त्याने फडके पुन्हा बांधले. मी दावा करता येत नसल्याचे त्याला समजावले आणि पुढचा हप्ता कधी भरायचा ते सांगितले.

त्याच रात्री गणपतीपुढे कार्यक्रम होता. वर्गणी काढून चंद्रपूरहून व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. त्या काळी गावोगाव अशी व्हिडिओची रात्र होई. दोन हिंदी चित्रपटांबरोबर एक मराठी कॅसेट आली होती, ती ‘लाखाची गोष्ट’ची. रंगीत टीव्हीवर काळा-पांढरा चित्रपट पाहून पोरे कुरकुरली. समोर बसलेली माणसे निम्मी तेलुगू आणि गोंडी बोलणारी. पुणे कुणी पाहिलेले नव्हते. मला वाटले, आता अर्धे उठून जातील.

कुणी उठले नाही. चित्रपट जसजसा पुढे गेला तसतसे माझ्या ध्यानात आले, की आम्ही बँकेची माणसे प्रेमप्रसंगांना आणि शाब्दिक कोट्यांना हसत होतो. ही माणसे भलत्याच ठिकाणी हसत होती. उधळलेला पैसा वाढून परत आला की चटईवर बसलेला सगळा जमाव मांड्यांवर थापा मारी. त्यांना तो विनोद आमच्याहून जास्त कळत होता. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच पैसा धावत जातो, हे त्यांना कुणी पुण्याहून येऊन सांगायची गरज नव्हती. तेंदूपत्त्याच्या हंगामात ते हे रोज पाहत. बाजाराच्या दिवशी वाण्याच्या दुकानात पाहत. आमच्या शाखेतही पाहत. तारणाला जमीन असलेल्याला आम्ही खुर्ची देत होतो आणि कान घेऊन आलेल्याला दावा बसत नाही म्हणून सांगत होतो.

पडद्यावर दोन माणसांना पैसा घालवता येत नव्हता. माझ्या टेबलापाशी आलेल्या माणसाचा एकुलता एक बैल वाघाने घालवला होता आणि कर्ज मात्र घालवता येत नव्हते. हे मनात आले आणि माझे हसू आटले. बाकीच्यांचे चालूच होते.

दुसऱ्या दिवशी मी वनरक्षकाकडून पंचनामा करवून घेतला, पशुवैद्यकीय दाखला मागवला, दोनदा लिहापढी केली. दावा मंजूर झाला नाही. नियम तो नियम. पुढे १९९० साली केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ केली, तेव्हा ते खाते बंद झाल्याचे मला जुन्या सहकाऱ्याकडून कळले. तो शेतकरी मात्र त्या दिवसानंतर शाखेत पुन्हा आला नव्हता.

त्या रात्रीपासून मी राजाभाऊंचे चित्रपट मिळतील तिथून मिळवून पाहू लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. विनोद करणारे पुष्कळ असतात. कुणी जाड्यावर हसतो, कुणी तोतऱ्यावर, कुणी खेडवळावर. आम्ही त्या सकाळी असेच हसलो होतो. राजाभाऊंच्या या चित्रपटांत रिकाम्या खिशाचा माणूस हास्यास्पद होत नाही. हास्यास्पद होतो तो पैसा, त्याचा दिमाख, त्याने घातलेल्या पैजा आणि अटी. दोन्ही हसण्यांचा आवाज सारखाच येतो, पण घरी जाताना माणूस बरोबर काय घेऊन जातो, ते वेगळे असते.

आता त्यांच्या चित्रपटांची नावे पाहा. ‘पेडगावचे शहाणे’, ‘गंगेत घोडं न्हालं’, ‘आंधळा मागतो एक डोळा’, ‘गाठ पडली ठका ठका’, ‘आधी कळस मग पाया’. सगळ्या म्हणी आणि वाक्प्रचार! आजी ओट्यापाशी बसून जे बोलते, तेच थेट फलकावर. म्हण ही कुण्या एका पेठेची नसते. वेड पांघरून पेडगावला जाणारी माणसे पुण्यात असतात तशी देसाईगंजलाही असतात. म्हणूनच चित्रपट पुण्याचा असला तरी त्याचे बी जिथे मराठी बोलली जाते तिथे कुठेही रुजणारे होते.

यातला ‘पेडगावचे शहाणे’ १९५२ चाच. एका वर्षात दोन अस्सल विनोदी चित्रपट देणे ही काही गंमत नव्हे. वेडा कुणाला म्हणायचे आणि शहाणा कुणाला, हा त्यातला प्रश्न. दुसऱ्या वर्षी राजाभाऊंनीच तो हिंदीत ‘चाचा चौधरी’ या नावाने केला. ‘लाखाची गोष्ट’ मुलांनी पाहावी आणि ‘पेडगावचे शहाणे’ मोठ्यांनी, असे मी म्हणेन. घरात रोजच्या रोज एकमेकांना वेड्यात काढणाऱ्या नवरा-बायकोने तर अवश्य पाहावा.

१९५४ चा ‘ऊन पाऊस’ विनोदी म्हणता येणार नाही, पण त्याला वगळून राजाभाऊ कळणार नाहीत. निवृत्त झालेले एक शाळामास्तर आणि त्यांची पत्नी. आयुष्यभर एकत्र संसार केलेल्या या जोडप्याची म्हातारपणी मुले वाटणी करतात. आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे. मास्तर झाले आहेत राजाभाऊ आणि पत्नी सुमती गुप्ते. म्हाताऱ्या मास्तरांची पाठ, चाल, हात पाहताना पटत नाही, की हा नट तेव्हा अवघा ४४ वर्षांचा होता. ज्याला हसवणे साधते त्याला रडवणे जड जात नाही, त्याचा हा नमुना.

हा चित्रपट मी फार उशिरा पाहिला. माझे वडीलही चंद्रपुरात शिक्षक होते. माझ्या धाकट्या भावाला नागपुरात मूल झाले तेव्हा आईला आम्ही तिकडे पाठवले आणि वडील इकडे माझ्याकडे राहिले. सोय म्हणून केले होते, वाटणी म्हणून नव्हे. सहा महिन्यांची सोय तीन वर्षे चालली. वडील दर रविवारी संध्याकाळी पायी बसस्टँडवर जाऊन येत. गाड्या पाहायला जातो म्हणत. ‘ऊन पाऊस’ मी पाहिला तेव्हा दोघेही गेलेले होते. ज्यांच्या घरी आईवडील आहेत, त्यांनी हा चित्रपट वेळेत पाहावा, एवढेच सुचवतो.

१९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. मराठी चित्रपटाचा मोहरा तमाशाकडे वळला. निर्मात्यांच्या दृष्टीने ते साहजिक होते. राजाभाऊ त्या वाटेने गेले नाहीत. १९६० मध्ये त्यांनी ‘जगाच्या पाठीवर’ केला. दुनियेत कुणी नसलेला एक भणंग माणूस आणि सीमा देव यांनी उभी केलेली आंधळी मुलगी. चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची आठवण होईल. चॅप्लिनप्रमाणेच इथेही हसू आणि आसू यांत बोटभराचे अंतर आहे. १९६३ चा ‘हा माझा मार्ग एकला’ त्याच जातीचा. त्यातला चिमुरडा म्हणजे आजचे सचिन पिळगावकर, त्यांचा हा पहिला चित्रपट.

मग १९६४ चा ‘पाठलाग’ आला. काशिनाथ घाणेकर, रहस्य, न्यायालय. तो इतका गाजला की दोन वर्षांत हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ झाला. पाठोपाठ ‘पडछाया’. लोक राजाभाऊंना रहस्यपटांचा बादशहा म्हणू लागले आणि आधीचा विनोदकार मागे पडला. आपल्याकडे असेच होते. रडवणाऱ्याला आपण मोठा म्हणतो, घाबरवणाऱ्याला हुशार म्हणतो आणि हसवणाऱ्याला करमणूक करणारा म्हणून सोडून देतो. १९५४ साली ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण ‘लाखाची गोष्ट’सारख्या चित्रपटाला मानाचे पान वाढावे, असे फारसे कुणाला वाटले नाही.

या बाबतीत आमची झाडीपट्टी शहाणी आहे. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. दहाला पडदा वर जातो आणि कोंबडा आरवेपर्यंत खाली येत नाही. वडसा-देसाईगंज हे या रंगभूमीचे ठाणे. थंडीत शेकोटीपाशी बसून रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक नायकाइतकीच विनोदी नटाची वाट पाहतो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांनी या रंगमंचावर अनेक वर्षे विनोदी भूमिका केल्या आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे गावोगाव आनंद झाला. हसवणाऱ्याचा मान राखावा हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. राजाभाऊ कधी इकडे आले असते तर त्यांना हा प्रेक्षक आवडला असता.

१४ डिसेंबर १९७७ रोजी माडगूळकर गेले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९७९ रोजी राजाभाऊ गेले. सत्तरी गाठायला सव्वा वर्ष कमी होते. तिसरे सुधीर फडके २००२ पर्यंत राहिले. त्रिकूट मोडले, पण तिघांनी मिळून केलेले काम उरले आहे, आणि पूर्वी कॅसेटसाठी चंद्रपूर गाठावे लागे, तसे आता काही नाही. जुने मराठी चित्रपट शोधले तर मोबाईलवर सापडतात.

पाहताना काही पथ्ये मात्र पाळावीत. एकेकट्याने आपापल्या मोबाईलवर पाहू नये. मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहावे, कारण हसू हे साथीच्या रोगासारखे असते, माणसे जवळ असल्याशिवाय पसरत नाही. पहिली पंधरा मिनिटे धीर धरावा. त्या काळचा चित्रपट घाईत नसे. प्रत रेघांनी भरलेली असेल, आवाज कुठे तुटेल, त्याकडे काणाडोळा करावा. सुरुवात ‘लाखाची गोष्ट’ने करावी. मग ‘पेडगावचे शहाणे’. म्हणींच्या नावाचे बाकीचे जसे मिळतील तसे. ‘जगाच्या पाठीवर’ एखाद्या संध्याकाळी, आणि ‘ऊन पाऊस’ आजी-आजोबा घरात असताना.

त्या रविवारी चित्रपट संपल्यावर चहा झाला. धाकटी नात सातवीत आहे. तिने विचारले, की आजोबा, तुम्ही बँकेत होता, तर कधी कुणाला लाख रुपये दिलेत का. दिले, पुष्कळांना दिले, असे मी सांगितले. मग तिने विचारले, की कुणाला नाही म्हणालात का. मी तिला कानाची गोष्ट सांगितली. घरात ती आजवर कुणाला सांगितली नव्हती, माझ्या मुलांनाही नाही. सगळी गप्प होऊन ऐकत होती. सांगताना बिल्ल्याचा भाग आला तेव्हा मोठ्या नातवाला हसू फुटले. त्याने ते चटकन आवरले आणि त्या माणसाने पुढे शेती कशाने केली, असे मला विचारले.

मला ते ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले, आणि उठून कूलरमध्ये पाणी घातले.